मालक मोहिमेवर, घर कारभाऱ्याच्या हाती

१७७६ च्या सप्टेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनच्या फौजेची अवस्था वाईट होती. लाँग आयलंडची लढाई हातची गेली होती, न्यू यॉर्क शहर ब्रिटिशांनी घेतले होते आणि मिलिशियाचे शिपाई टोळ्याटोळ्यांनी घरची वाट धरत होते. मॅनहॅटन बेटाच्या उत्तरेला हार्लेमच्या टेकाडांवर तळ देऊन बसलेल्या या सेनापतीने ३० सप्टेंबरला व्हर्जिनियातल्या आपल्या भाऊबंदाला, लंड वॉशिंग्टनला, पत्र लिहिले. हाडवैऱ्याला सगळ्यांत कडू शाप द्यायचा झाला तर त्याला माझ्या जागी, माझ्या मनाच्या या अवस्थेत उभे करीन, अशा आशयाचे वाक्य त्या पत्रात आहे. त्याच पत्रात पुढे माउंट व्हर्ननच्या घराला उत्तरेकडून जोडल्या जाणाऱ्या नव्या दालनाविषयी सूचना आहेत: धुरांडे दालनाच्या अगदी मधोमध आले पाहिजे, दारे आणि बाकी सगळे त्याच्याशी मेळ राखून हवे, आणि सगळे काम कसबी हाताचे दिसले पाहिजे. वॉशिंग्टनच्या चरित्रकारांना हे पत्र फार प्रिय आहे. लढाई हरत असतानाही धुरांड्याची जागा न विसरणारा माणूस असे त्याचे चित्र त्यातून उभे राहते, आणि त्या चित्राबरोबर एक निष्कर्षही मनात घर करतो: शेकडो मैलांवरून, केवळ पत्रांच्या जोरावर, हे घर त्याने उभे केले.

हा निष्कर्ष मला पटत नाही. माउंट व्हर्ननच्या नूतनीकरणाची पत्रे नीट वाचली तर लांबून चालवलेल्या बांधकामात मालकाचा हात कुठे पोचतो आणि कुठे थांबतो, हे फार स्पष्ट दिसते. मालकाकडून घरापर्यंत पोचली ती त्याची इच्छा आणि थोडीफार मापे. घर बनवले ते पत्रांना उत्तरे देणाऱ्या कारभाऱ्याने आणि ज्यांना पत्र लिहिण्याची सोयच नव्हती अशा सुतार, गवंडी, वीटभट्टीवाल्यांनी. तरी श्रेय मालकाकडे जाते, त्याचे कारण पुराव्याच्या घडणीतच आहे. घरी असलेला मालक सुताराला तोंडी सांगतो, आणि ते बोलणे हवेत विरते. दूर असलेला मालक लिहून सांगतो, आणि ते दोन-अडीचशे वर्षे टिकते. म्हणजे मालक जितका दूर, तितका तो कागदावर जास्त हजर. राजवाडे आणि वासुदेवशास्त्री खरे यांच्यापासून आपल्याकडे पत्रांवर इतिहास उभा करण्याची परंपरा आहे. पत्र कोणी, कोणाला आणि कशापायी लिहिले हे आधी विचारायचे, ही शिस्त आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेली आहे. तीच शिस्त इथे लावायला हवी.

पहिले नूतनीकरण १७५७ ते १७५९ च्या दरम्यानचे. पोटोमॅक नदीच्या काठावरचे हे घर वॉशिंग्टनचे वडील ऑगस्टीन यांनी १७३४ मध्ये बांधले; तेव्हा ते दीड मजल्याचे होते. सावत्र भाऊ लॉरेन्सने आपला जुना सेनानी ॲडमिरल व्हर्नन याचे नाव त्या जागेला दिले. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर १७५४ मध्ये जॉर्जने ती मिळकत भाडेपट्ट्याने घेतली आणि तीनच वर्षांत घर उंचावून अडीच मजल्यांचे करण्याचे ठरवले. पण तो तेव्हा व्हर्जिनिया रेजिमेंटचा कर्नल होता आणि फ्रेंचांविरुद्धच्या युद्धात सरहद्दीवर अडकला होता. लंडनच्या व्यापाऱ्याकडे त्याने संगमरवरी शेकोटी, भिंतींचे कागद आणि खिडक्यांच्या काचा मागवल्या. छप्पर उतरवून मजला चढवण्याचे काम जॉन पॅटरसन या कारागिराला दिले, देखरेख शेजारच्या जॉर्ज विल्यम फेअरफॅक्सवर सोपवली, आणि शेतीचा मुकादम हंफ्री नाइट दोन्हीकडे लक्ष ठेवून होता. या नाइटचे सप्टेंबर १७५८ चे एक पत्र आहे. सुतारांवर शक्य तितके लक्ष ठेवतो आणि कसूर दिसली की त्यांना चाबकाने मारतो, असे तो मालकाला कळवतो. कामाच्या प्रगतीचा अहवाल द्यावा तितक्याच सहजपणे. हे सुतार गुलाम होते. घराच्या दर्शनी भिंतींवर आजही जे दगडी चिरे दिसतात ते दगडाचे नाहीतच. पाइनच्या फळ्यांच्या कडा तिरप्या तासून त्यांना चिऱ्यांचा आकार द्यायचा, रंग ओला असतानाच त्यावर वाळू मारायची, आणि वाळल्यावर लांबून भिंत दगडी भासते. मालकाची हौस दगडी घराची होती. ती भागवण्यासाठी फळी न् फळी तासावी लागली, आणि तासणाऱ्यांवर पाळत कशी होती ते नाइटच्या पत्रात आहे.

या पहिल्या खेपेचा शेवट एका चिठ्ठीत सापडतो. १७५९ च्या जानेवारीत मार्था कस्टिसशी लग्न झाले आणि एप्रिलमध्ये वॉशिंग्टन बायको आणि तिच्या दोन मुलांना घेऊन माउंट व्हर्ननकडे निघाला. वाटेतून त्याने जॉन ऑल्टन या नोकराला लिहिले: फेअरफॅक्सकडून किल्ली घे, घर स्वच्छ झाडून घे, खालच्या खोल्यांत शेकोट्या पेटवून हवा खेळू दे, पलंग मांड, मेज-खुर्च्या पुसून ठेव आणि जिन्याला चकाकी आण. नव्या नवरदेवाची लगबग त्यात दिसते आणि ती मनाला भिडते. पण किल्ली शेजाऱ्याकडे होती हेही त्यातूनच कळते. आपल्या घरात काय झाले आहे हे मालकाला आता पाहायचे होते.

दुसरे नूतनीकरण मोठे, आणि खरी परीक्षा त्यातच आहे. १७७४ मध्ये वॉशिंग्टनने घराला दोन्ही बाजूंनी वाढवायचे ठरवले: दक्षिणेला अभ्यासिका आणि तिच्यावर शयनगृह, उत्तरेला दोन मजल्यांइतके उंच मोठे दालन, नदीकडे खांबांची लांबलचक ओसरी, छपरावर छोटा घुमट, आणि बाजूच्या इमारतींना जोडणारे कमानींचे आच्छादित मार्ग. काम सुरू झाले आणि मे १७७५ मध्ये तो काँग्रेससाठी फिलाडेल्फियाला गेला. जूनमध्ये सेनापती झाला आणि त्यानंतर सप्टेंबर १७८१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ, त्याने घराचे तोंड पाहिले नाही. या काळात मिळकतीचा सगळा भार लंडवर होता. लंड १७६४ पासून तिथला कारभारी होता. पैसा, पीक, खंड, आजारपणे, सुतारांची भांडणे, मार्थाची काळजी, आणि नदीतून येऊ शकणारी शत्रूची जहाजे, या सगळ्यांत घराचे काम हे त्याचे एक काम होते.

त्याच्यापुढच्या अडचणी पाहिल्या की मालकाच्या सूचना किती हवेतल्या होत्या ते कळते. युद्धामुळे इंग्लंडहून येणारा माल बंद झाला; खिळे, काच, रंग मिळेनात. गोइंग लॅनफियर या मुख्य सुताराचे काम रखडत चालले होते. कागदी चलनाची किंमत इतकी घसरली की ठरलेल्या मजुरीला अर्थ उरला नाही. अशा वेळी ऑगस्ट १७७६ मध्ये, ब्रिटिश आरमार न्यू यॉर्कच्या समोर उभे असताना, वॉशिंग्टन लंडला लिहितो की घराच्या दोन्ही टोकांना झाडांच्या राई लावा, उत्तरेला लोकस्ट, दक्षिणेला फुलणारी शोभेची झाडे, आणि ओळ न धरता लावा. सूचना सुंदर आहे. तिच्यात घराविषयीची ओढ आहे, आणि त्या ओढीबद्दल मला शंका नाही. लढाईच्या तोंडावर मनाला आधार म्हणून माणूस घराचा विचार करतो यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण रोप कुठून आणायचे, खड्डे कोणी खणायचे, कापणी सोडून माणसे कशी काढायची, हे लंडने ठरवायचे होते. जेवणघराचेच उदाहरण घ्या. १७७५ च्या शरद ऋतूत त्या खोलीच्या छताला आणि शेकोटीच्या वरच्या भिंतीला चुन्याच्या गिलाव्याची जी नक्षी झाली ती माउंट व्हर्ननमधली सर्वांत देखणी कारागिरी मानली जाते. वॉशिंग्टन त्या वेळी बोस्टनच्या वेढ्यात केंब्रिजला होता. लाकडी कोरीव काम विल्यम बर्नार्ड सियर्सचे. गिलाव्याचे काम ज्याने केले, त्याचा कागदपत्रांत उल्लेख येतो तो केवळ गिलावा करणारा माणूस एवढाच. फ्रेडरिक्सबर्गला वॉशिंग्टनच्या मेहुण्याच्या घरातली छतेही त्याचीच. दोन घरांची छते करून गेलेल्या या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

पत्रांचा पुरावाही नेहमी भरवशाचा नसतो. १७७७ मध्ये लंडनमध्ये वॉशिंग्टनची म्हणून काही खासगी पत्रे छापली गेली. त्यांत लंडला लिहिलेलीही होती. सगळी बनावट. सेनापतीला स्वातंत्र्याच्या लढ्याविषयी मनातून शंका आहे असे भासवण्यासाठी ती रचली होती. बनावट पत्रे रचणाऱ्याने नेमका कारभारी निवडला, यावरून घर आणि सेनापती यांच्यातला हा पत्रव्यवहार किती प्रसिद्ध होता ते कळते. वॉशिंग्टनने या पत्रांचा लेखी इन्कार केला तो १७९७ मध्ये, राष्ट्राध्यक्षपद सोडताना.

माझ्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आराखडा तर वॉशिंग्टनचाच होता. तो जाण्याआधी ठरला होता, नंतरच्या पत्रांनी त्याची अंमलबजावणी झाली. मग घर त्याचे नाही तर कोणाचे? आराखडा त्याचा होता हे खरेच. पण आराखडा आणि घर यांच्यातले अंतर घराच्या पश्चिमेकडच्या दर्शनी भागावर कोणालाही दिसते. सगळे मेळ राखून असावे असा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या घराच्या खिडक्या सारख्या अंतरावर नाहीत, आणि दरवाजा व घुमट यांची मध्यरेषा जुळत नाही. कारण नव्या बाजू जुन्या घराला जोडायच्या होत्या, आणि जुना जिना, जुन्या भिंती, जुनी दारे जिथे होती तिथेच राहिली. बांधणाऱ्यांनी हातात होते त्यातून वाट काढली. आणि मालक परत आल्यावर काय झाले? १७८३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टन घरी आला. दूर असण्यामुळे काम रखडत होते असे मानले तर आता ते झपाट्याने संपायला हवे होते. तसे झाले नाही. उत्तरेच्या दालनाचे गिलाव्याचे काम जॉन रॉलिन्स याच्याशी करार करून व्हायला १७८६ उजाडले, आणि दालन सजून पुरे व्हायला आणखी वेळ गेला. १७८४ च्या मार्चमध्ये तो टेंच टिलमन या आपल्या जुन्या सहाय्यकाला लिहितो की नव्याने आलेल्या जहाजातून एक सुतार आणि एक गवंडी मिळाला तर बघ; कारागीर चांगला असला की तो आशियाचा असो, आफ्रिकेचा असो की युरोपचा, मुसलमान असो, यहुदी असो, कुठल्याही पंथाचा ख्रिस्ती असो की नास्तिक. या पत्राचा उल्लेख बहुधा त्याच्या धार्मिक उदारतेसाठी होतो. मला त्यात एका घरमालकाची निकड दिसते. मालक हजर होता; कसबी हात नव्हते. घर कशावर अडते ते त्याला स्वतःला चांगले ठाऊक होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. राष्ट्राध्यक्ष असताना, १७८९ ते १७९७ या काळात, न्यू यॉर्क आणि फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनने मिळकतीवर जी कागदी पकड बसवली ती त्या काळी विलक्षण होती. दर आठवड्याला अहवाल येई: कोणत्या शेतावर किती माणसे, किती दिवस, कोणत्या कामावर, कोण आजारी, पाऊस किती. तो ते वाचून, बहुतेक रविवारी, लांबलचक उत्तर लिही. याच काळात डोग रन शेतावर सोळा कोनांचे मळणीघर झाले. आराखडा त्याने १७९२ मध्ये कारभारी अँथनी व्हिटिंगला धाडला, आणि विटांचा हिशेब स्वतः केला: ३०,८२०. वरच्या मजल्यावर घोडे गोल फिरवून गहू मळायचा. जमिनीच्या फळ्यांमध्ये फट ठेवलेली, म्हणजे दाणे खाली गळून साठतील आणि पेंढा वर राहील. खळ्यात, उन्हापावसात, मातीवर मळणी करणाऱ्या प्रदेशात ही कल्पना खरोखर नामी होती. मग इथे तरी कागदाने काम केले, असे म्हणायचे ना?

केले, पण किती, तेही वॉशिंग्टननेच नोंदवून ठेवले आहे. युनियन शेतावर असेच एक उत्तम धान्यघर त्याने बांधून घेतले होते. तीस माणसांनी आत बसून झोडणी करावी इतके ऐसपैस. १७९३ च्या सप्टेंबरात तो घरी आला तेव्हा त्या धान्यघराच्या दारापासून तीस फुटांच्या आत उघड्यावर खळे केलेले त्याने पाहिले. आत रचलेला गहू पुन्हा बाहेर काढून घोड्यांखाली तुडवणे चालले होते. हेन्री ली याला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सांगितले आहे. व्हिटिंग त्याच वर्षी वारला होता. त्याच्याआधी कारभार पाहणारा पुतण्या जॉर्ज ऑगस्टीनही फेब्रुवारीत गेला होता. आठवड्याचे अहवाल इमारत किती झाली हे सांगू शकत होते. तिचा वापर कसा होतो हे कळायला तिथे माणूस लागत होता, आणि तो माणूस मरण पावला की मोजमापांच्या त्या सगळ्या यंत्रणेचा उपयोग थोडाच उरे.

कागदी पकडीत न मावणारी सर्वांत मोठी गोष्ट त्याआधीच, युद्ध चालू असताना, १७८१ च्या एप्रिलात घडली होती. सॅव्हेज नावाचे ब्रिटिश लढाऊ जहाज पोटोमॅकमधून वर आले, पलीकडच्या काठावरची घरे त्याच्या माणसांनी जाळली, आणि मग ते माउंट व्हर्ननसमोर थांबले. लंड खाण्यापिण्याचे सामान घेऊन जहाजावर गेला, बोलणी केली आणि घर वाचवले. सतरा गुलाम त्या जहाजाबरोबर निघून गेले. त्यांची यादी आहे: त्यात मुकादमी करणारा फ्रेडरिक आहे, पिंपे बनवणारा स्टीफन आहे, आणि गनर नावाचा पंचेचाळिशीचा विटा पाडणारा आहे. डेबोरा नावाची तरुणी आहे. तिचे नाव पुढे ब्रिटिशांनी १७८३ मध्ये न्यू यॉर्क सोडताना केलेल्या नोंदवहीत, नोव्हा स्कोशियाला जाणाऱ्यांमध्ये सापडते. वॉशिंग्टनला हे कळले तेव्हा त्याने ३० एप्रिलला लंडला कडक शब्दांत लिहिले: तू शत्रूला रसद देण्यापेक्षा त्यांनी माझे घर जाळले असते, मळा उजाड केला असता, तरी मला कमी दुःख झाले असते. सेनापती म्हणून त्याचे बरोबर होते. पण आज ते घर उभे आहे ते लंडने त्या दिवशी मालकाला न विचारता घेतलेल्या निर्णयामुळे. विचारायला वेळच नव्हता. आणि या लंडला त्याचा मोबदला काय होता? १७८३ च्या जूनमधल्या पत्रात वॉशिंग्टन त्याला वर्षानुवर्षे हिशेब न पाठवल्याबद्दल बोल लावतो, आणि त्याच पत्रात लंडने १७७८ पासून स्वतःचा पगारही उचललेला नाही हे त्याच्या ध्यानात येते.

कोणी म्हणेल, गुलामांच्या श्रमावर तर त्या काळचे व्हर्जिनियातले प्रत्येक मोठे घर उभे होते. मग याच घराच्या इतिहासात ते वेगळे काढून सांगायचे कशाला? सांगायचे ते याचसाठी की इथे पुरावा आहे. इतर ठिकाणी ज्या गोष्टीचा अंदाज करावा लागतो, ती इथे मालकाच्या गैरहजेरीमुळे लिहिली गेली. ब्रिटिश गव्हर्नर डनमोरने नोव्हेंबर १७७५ मध्ये आपल्या बाजूने लढणाऱ्या गुलामांना मुक्त करण्याचा जाहीरनामा काढला, त्यानंतर डिसेंबरमध्ये लंडने मालकाला कळवले की पळता येईल अशी खात्री पटली तर यांतला एकही माणूस मागे राहणार नाही, स्वातंत्र्य गोड असते. घरच्या कारभाऱ्याने, कामाच्या पत्रात, स्वातंत्र्ययुद्धाच्या सेनापतीला हे लिहावे, यापेक्षा बोलका पुरावा कुठल्याही बांधकामाच्या इतिहासात मला माहीत नाही. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननच्या शेतांवर ३१७ गुलाम होते. त्या वर्षी वॉशिंग्टनने स्वतः केलेल्या यादीत सुतार म्हणून आयझॅक, जेम्स, सँबो, डेव्ही, जो ही नावे आहेत. मळणीघराच्या तुळया, कुंपणे, दारे, दुरुस्त्या याच हातांच्या.

पुढे घर मोडकळीला आले. १८५० च्या दशकात नदीकडच्या ओसरीचे छप्पर जहाजाच्या जुन्या डोलकाठ्यांचे टेकू देऊन सावरावे लागले होते. दक्षिण कॅरोलायनातल्या ॲन पामेला कनिंगहॅम यांनी स्त्रियांची संस्था स्थापून १८५८ मध्ये दोन लाख डॉलरना घर विकत घेण्याचा करार केला, आणि १८६० मध्ये ताबा मिळाला. लगेच यादवी युद्ध पेटले. कनिंगहॅम दक्षिणेत अडकल्या आणि घर सांभाळले ते त्यांच्या चिटणीस सारा ट्रेसी आणि व्यवस्थापक अप्टन हर्बर्ट यांनी, दोन सैन्यांच्या मधोमध राहून. पुन्हा तोच प्रकार: नाव दूर असलेल्याचे, घर राखणारे दुसरेच. ही संस्था आजही घर चालवते आणि तिचे काम मोठे आहे. गुलामांच्या दफनभूमीत तिने १९२९ मध्ये एक शिळा बसवली. त्या शिळेवर कोणाचेही नाव नाही. हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आखलेले मोठे स्मारक तिथे १९८३ मध्ये झाले.

वॉशिंग्टनचा पत्रव्यवहार, त्याला आलेल्या पत्रांसह, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतो. ज्या वाचकाला जुन्या वास्तूंच्या इतिहासात रस आहे त्याने तो जरूर उघडावा, आणि माझी विनंती एवढीच की हार्लेमच्या टेकाडांवरून लिहिलेल्या पत्राआधी लंडचे डिसेंबर १७७५ चे पत्र आणि हंफ्री नाइटचे सप्टेंबर १७५८ चे पत्र वाचावे.